लिलावातल्या गाईच्या पुठ्ठ्यावरचे आकडे नेमकं काय सांगतात

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या गुरांच्या लिलावाचे व्हिडिओ पाहताना गाईंच्या मागच्या पुठ्ठ्यांवर खडूनं किंवा रंगानं काढलेले आकडे आणि अक्षरं दिसतात, पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. यातून वय आणि गाभण कसं कळतं, ते ठरवतं कोण आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा? मी पशुवैद्य आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि आता मिझुरी राज्यात काम करतो. लिलावाच्या बाजारात गाय अडकवायच्या खोड्यामागे उभं राहून गाई तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती चिठ्ठी बाजूला काढू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. पाठीवर गोंदानं चिकटवलेली चिठ्ठी मुळात ओळखीची असते. गाय गाडीतून उतरली की तिला क्रमांक मिळतो आणि विक्रीनंतर पैसे कुणाच्या नावावर जमा करायचे ते त्या क्रमांकावरून ठरतं. काही बाजार चिठ्ठीचा रंगच वयोगटाप्रमाणे बदलतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की चिठ्ठी म्हणजे वय. खरी माहिती असते ती पुठ्ठ्यावर, मेणासारख्या रंगकांडीनं काढलेली.

दुसरी गोष्ट, या खुणांचा देशभर एकच नियम नाही. अमेरिकेत जनावरांच्या बाजारांवर 1921 च्या पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायद्याचा अंमल चालतो. त्यात वजनकाटा खरा असावा, विकणाऱ्याला पैसे वेळेत मिळावेत, व्यवहारात फसवणूक होऊ नये असल्या गोष्टी येतात. वयाचा आकडा कोणत्या पुठ्ठ्यावर लिहायचा आणि हिरवा रंग कशाचा, हे मात्र ज्याचा तो बाजार ठरवतो. एका बाजारात डाव्या पुठ्ठ्यावर वय आणि उजव्यावर गाभणीचा टप्पा असेल, पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या बाजारात दोन्ही एकाखाली एक. म्हणून जुना खरेदीदारसुद्धा नव्या बाजारात गेला की आधी कचेरीत जाऊन विचारतो: तुमच्याकडं कशाचा अर्थ काय?

तरीही एक साधारण भाषा तयार झालेली आहे. 3, 4, 5, 6 हे सुटे आकडे म्हणजे वर्षं. त्यापुढं आकडे थांबतात आणि अक्षरं सुरू होतात: 'एस एस' म्हणजे दात झिजून आखूड झालेत पण सगळे जागेवर आहेत, 'बी एम' म्हणजे एखाददुसरा दात पडला आहे किंवा तुटला आहे. गाभणीसाठी कुठं 1, 2, 3 असे टप्पे लिहितात, प्रत्येक टप्पा तीन महिन्यांचा, तर कुठं थेट महिन्यांचा आकडा. रिकाम्या गाईला 'ओ'. एका बाजूला 5 आणि दुसऱ्या बाजूला 2 दिसला तर ती पाच वर्षांची, चौथ्या ते सहाव्या महिन्यातली गाभण गाय. बाजारातले भाव नोंदवणारी कृषी खात्याची माणसंही हाच साचा वापरतात. त्यांच्या अहवालात गाभण गाईंपुढं वयाचा गट येतो आणि त्यापुढं टी 1, टी 2, टी 3 असा टप्पा.

हे सगळं ठरतं खोड्यात. गाय गल्लीतून पुढं येते, लोखंडी फाटकात तिची मान अडकते. एक माणूस तोंडाशी, पशुवैद्य मागं आणि तिसरा रंगकांडी घेऊन कडेला. तोंडाशी असलेला नाकपुडीत बोटं घालून किंवा जबडा धरून ओठ खाली करतो, दात बघतो, मोठ्यानं वय सांगतो. मागचा खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून गुदाशयातून हात घालतो, महिने सांगतो. तिसरा लिहितो. पुष्कळ बाजारांत दोन्ही कामं पशुवैद्यच करतो. लिलावाच्या दिवशी एका गाईच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नाही, आणि या घाईतच दोन माणसांचा अंदाज तिच्या अंगावर उमटतो. तो अंदाज कसा तयार होतो ते कळलं की त्याच्यावर कुठं विसंबायचं आणि कुठं नाही, तेही कळतं.

आधी दातांचं. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथं हिरडीची कडक गादी असते. बघायचे ते खालचे आठ. दुधाचे दात बारीक आणि पांढरेशुभ्र, कायमचे रुंद आणि जरा पिवळसर. एकदा पाहिले की फरक विसरत नाही. मधली जोडी दीड ते दोन वर्षांत बदलते, तिच्या शेजारची दोन ते अडीच वर्षांत, तिसरी तीन वर्षांच्या आसपास आणि कोपऱ्यातली साडेतीन ते चारच्या दरम्यान, कधी आणखी उशिरा. पाच वर्षांची गाय म्हणजे आठही दात पूर्ण वर आलेले आणि एका ओळीत. आपल्याकडं आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला म्हणतात तोच हा क्रम. शर्यतीचा बैल दुसा की चौसा यावर वाद घालणाऱ्या माणसाला मिझुरीच्या खोड्यापाशी उभं केलं, तर भाषा न कळताही तो पाच वर्षांपर्यंतचं वय बरोबर सांगेल.

पाच वर्षांपर्यंतचा आकडा दात उगवण्यावरून काढलेला असतो. उगवण्याचं वेळापत्रक शरीराच्या आतलं आहे, चाऱ्यानं किंवा जमिनीनं ते फारसं हलत नाही. पाचच्या पुढचा आकडा मात्र झिजेवरून काढतात, आणि झीज जमीन ठरवते. पुस्तकात लिहिलेलं असतं की मधली जोडी सहाच्या सुमाराला सपाट होते, पुढची सात-आठला, तिसरी नऊला, कोपऱ्यातली दहाला. प्रत्यक्षात नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये वाळूवरचं आखूड गवत खरवडून खाणाऱ्या गाईचे दात लवकर आखूड होतात. ओल्या कुरणात आणि सुक्या गवताच्या गठ्ठ्यांवर वाढलेली तिच्याच वयाची गाय तोंडानं दोन-तीन वर्षांनी लहान दिसते. म्हणूनच प्रामाणिक बाजार पाच-सहाच्या पुढं वर्षं लिहायचं सोडून तोंडाची स्थिती लिहितो. 'एस एस' हे वय म्हणून वाचू नका. या गाईला अजून चरता येतं, पण किती दिवस ते सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ.

दात पडण्याला इतकं महत्त्व का, असं शहरातले लोक विचारतात. गाय जिभेनं गवत ओढते आणि खालचे दात वरच्या गादीवर दाबून ते तोडते. दात तुटले की उंच, मऊ गवत ती कसंबसं खाते, पण आखूड कुरणात उपाशी राहते, हिवाळ्यात खंगते आणि पुढच्या वेळी गाभ धरत नाही. म्हणजे 'बी एम' ही खूण दातांची असली तरी खरं बोलते ती पुढच्या गाभणीबद्दल.

दोन कारणांनी वयाचा अंदाज आणखी हलतो. पहिलं वंशाचं. टेक्सास आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या गाईंत ब्राह्मण नावाच्या गुरांच्या जातीचं रक्त असतं आणि वशिंडाच्या गुरांचे कायमचे दात काही महिने उशिरा येतात. ही ब्राह्मण जात आपल्याच कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली गुरांपासून तिकडं तयार झाली. सांगलीकडचं कुणी इथं भेटलं की मी हे आवर्जून सांगतो. अशा गाईच्या तोंडात चार दात दिसले तर वय थोडं पुढं धरावं लागतं. दुसरं कारण तीस महिन्यांच्या रेषेचं. डिसेंबर 2003 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका गाईत बीएसई, म्हणजे लोक ज्याला मॅड काऊ म्हणतात तो रोग, सापडला. त्यानंतर जानेवारी 2004 पासून कत्तलखान्यात तीस महिन्यांवरच्या जनावरांचे मेंदू, मज्जारज्जू असे भाग वेगळे काढून नष्ट करणं सक्तीचं झालं. जन्मतारखेचा कागद नसेल तर तिथं दात बघतात: कायमच्या दातांच्या दुसऱ्या जोडीतला एक जरी हिरडीतून वर आला असेल, तर जनावर तीस महिन्यांचं धरायचं. त्यामुळे दोन दात आणि तीन दात यांतला फरक तरुण जनावराच्या भावात उतरतो.

आता गाभणीकडं. इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच चुकतात.

हातानं तपासताना गाभ असल्याचं पक्कं सांगायचं तर चारांपैकी एक तरी गोष्ट बोटांना कळायला हवी: पहिल्या दोन महिन्यांतली गर्भाच्या पाण्याची छोटी पिशवी, गर्भाशयाच्या भिंतीत दोन बोटांमधून निसटणारं वारेचं पातळ आवरण, साधारण अडीच महिन्यांनंतर हाताला लागणाऱ्या वारेच्या गाठी, किंवा प्रत्यक्ष वासरू. सराव असलेल्या हाताला पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांपासून हे कळायला लागतं. सोनोग्राफीनं तिसाव्या दिवसाच्या आसपास कळतं. तिथून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत गर्भाशय हाताच्या आवाक्यात असतं, आतल्या वासराचं माप घेता येतं. कॉलेजात सगळ्यांना शिकवतात तसं दोन महिन्यांचं वासरू उंदराएवढं, तीनचं घुशीएवढं, चारचं लहान मांजराएवढं. या काळातला अंदाज एक-दोन आठवड्यांच्या फरकानं बरोबर येतो.

मग गर्भाशय जड होऊन कटीच्या हाडावरून पुढं, पोटाच्या तळाशी उतरतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात मोठ्या चणीच्या गाईत वासरू हाताला लागतच नाही. मग आधार उरतो दोन गोष्टींचा. एक, वारेच्या गाठी केवढ्या झाल्यात. दुसरी, गर्भाशयाला रक्त पुरवणारी मधली धमनी. गाभण गाईत ती जाड होते आणि तिच्यातून रक्त थरथरत वाहतं. ती थरथर एकदा बोटांना कळली की विसरणं शक्य नाही. गाय गाभण आहे हे यावरून छातीठोकपणे सांगता येतं. महिना मात्र पाचवा की सहावा, ते तितक्या खात्रीनं सांगता येत नाही. गाठींचा आकार एकाच गाईत जागोजागी वेगळा असतो आणि धमनीची जाडी आधीच्या वेतांवरही अवलंबून असते. सातव्या महिन्यानंतर वासरू पुन्हा हाताला लागतं, डोकं आणि खूर कळतात, पण तोवर वासराचं माप बापाच्या जातीवर जायला लागलेलं असतं.

म्हणजे पहिल्या टप्प्याची खूण सगळ्यात नेमकी आणि मधल्या टप्प्याची सगळ्यात सैल. बाजार महिन्यांऐवजी तीन-तीन महिन्यांचे टप्पे लिहितो याचं कारण हेच. जिथं थेट 5 किंवा 6 लिहिलेलं असतं तिथंही तो आकडा मनात दोन्ही बाजूंना महिनाभर पसरून वाचावा.

'ओ' ही खूण लोक सगळ्यात चुकीची वाचतात. तिचा अर्थ 'गाभ नाही' असा घेतात, पण तपासणाऱ्यानं सांगितलेलं असतं 'गाभ सापडला नाही'. तीन आठवड्यांपूर्वी वळूनं भरलेली गाय हाताला रिकामीच लागणार. मालकानं वळू विक्रीच्या आठवड्यापर्यंत कळपातच ठेवला असेल, तर 'ओ' खुणेच्या गाईंत काही गाभण निघतात. उलटही घडतं. गर्भाशयात पू साठला किंवा वासरू आतच मरून सुकलं, तर घाईतल्या हाताला गर्भाशय मोठं लागतं. पू असेल तर ते निसटणारं आवरण सापडत नाही, गाठीही नसतात. म्हणून नुसत्या मोठेपणावर 'गाभण' म्हणायचं नाही, हा नियम मी कधीच सोडत नाही. रक्ताच्या चाचण्या आहेत, अठ्ठावीस दिवसांपासून त्या चांगलं काम करतात, पण त्या हो किंवा नाही एवढंच सांगतात, महिना सांगत नाहीत. शिवाय विल्यानंतर दोन महिन्यांहून जास्त काळ जुन्या गाभणीच्या खुणा रक्तात रेंगाळतात. लिलावाच्या गडबडीत म्हणून हातच चालतो.

आणखी एक गोष्ट पुठ्ठ्यावर कधीच लिहिलेली नसते. दीड महिन्याच्या आतला गाभ नाजूक असतो. गाडीतला प्रवास, अनोळखी गुरांत ढकलाढकली, पाण्याविना गेलेले तास, यात तो निसटू शकतो. तपासलेली गाय तपासताना गाभण होती, एवढंच खूण सांगते. त्यामुळे पहिल्या टप्प्याची गाय घेणाऱ्यानं ती घरी गेल्यावर महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा तपासावी.

आता या दोन खुणा एकत्र वाचायला शिका, कारण सुटी खूण भाव ठरवत नाही. अमेरिकेतल्या बाजारात गाईपुढं दोन वाटा असतात: नगावर विकली जाणं किंवा वजनावर. तरुण आणि गाभण गाय नगावर जाते, कुणीतरी तिला कळपात घेतो. रिकामी आणि म्हातारी गाय वजनावर, दर शंभर पौंडांच्या म्हणजे साधारण 45 किलोंच्या हिशेबानं, कत्तलखान्याकडं जाते. मधल्या गाईंची खरी ओढाताण होते. चार वर्षांची पण रिकामी गाय बहुधा वजनावरच जाते, कारण एवढ्या तरुण वयात ती रिकामी का राहिली हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. 'एस एस' खुणेची, तिसऱ्या टप्प्यातली गाय काही शेतकरी मुद्दाम शोधतात: स्वस्तात घ्यायची, एक वासरू घ्यायचं, गाईला चारून अंगावर आणायचं आणि मग वजनावर विकायचं. वजनाचा भाव हा इथं गाईच्या किमतीचा तळ असतो आणि दोन्ही खुणा मिळून सांगतात की गाय त्या तळाच्या किती वर आहे.

टप्प्याची किंमत ऋतू ठरवतो. आमच्या भागात बहुतेक कळप वसंतात वितात. 10 मेला भरलेली गाय 283 दिवसांनी, 17 फेब्रुवारीच्या सुमाराला विते. वासराला सगळा उन्हाळा हिरवं गवत मिळतं आणि शरद ऋतूत ते आईपासून तोडून विकता येतं. हीच गाय 15 नोव्हेंबरच्या लिलावात आली तर तिला 189 दिवस झालेले असतात, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या अगदी सीमेवर. एक पशुवैद्य तिला 2 लिहील, दुसरा 3, आणि दोघंही बरोबर असतील. तिच्या शेजारी उभी असलेली, 10 सप्टेंबरला भरलेली गाय पहिल्या टप्प्यात आहे. ती 20 जूनच्या आसपास वीणार: मिझुरीचा दमट उन्हाळा, माश्या आणि इथलं फेस्क्यू गवत, ज्यातल्या बुरशीमुळे गुरांना उष्णता आणखी सोसत नाही. त्या वासराचं शरद ऋतूत वजनच भरत नाही. म्हणून नोव्हेंबरमधल्या पहिल्या टप्प्याच्या गाईला भाव कमी मिळतो. गाईत दोष काही नसतो, फक्त ती घेणाऱ्याच्या वेळापत्रकाबाहेर असते. ज्याचा कळप शरद ऋतूत वितो त्यानं हेच गणित उलटं मांडायचं.

खरेदीदारांना मी नेहमी सांगतो, पुठ्ठ्यावरचा टप्पा पाहिला की तिथल्या तिथं विण्याचा महिना मोजा. टप्पा ही आजची स्थिती आहे, तुम्हाला हवी आहे पुढची तारीख.

रिंगणात उभं राहिल्यावर आणखी काही शब्द कानावर पडतील. वळूसोबत होती पण तपासली नाही, अशी गाय 'एक्सपोज्ड' म्हणून विकतात. तिच्यावर गाभणीची खूण नसते आणि नसावीच. पाठीशी वासरू असलेली गाय जोडी म्हणून जाते. पाठीशी वासरू आणि पोटात पुन्हा गाभ असेल तर तिला 'थ्री इन वन' म्हणतात. पावसानं किंवा गाई एकमेकींना घासल्यानं रंग पुसतो, म्हणून पुठ्ठ्यावर एक आणि छापील यादीत दुसरं असंही होतं. अशा वेळी लिलाव पुकारणाऱ्यानं त्या क्षणी ध्वनिक्षेपकावरून जे सांगितलं तेच बहुतेक बाजारांत खरं धरतात. बोली लावताना डोळ्यांइतकेच कान उघडे ठेवा. गाभण म्हणून विकलेली गाय रिकामी निघाली तर तक्रार कधीपर्यंत करायची, याची मुदत बाजारानुसार वेगळी असते. ती बोलीच्या आधी विचारायची असते.

रंगाच्या खुणांखेरीज कानात एक जुनी, पक्की खूण असते आणि फार थोडे लोक ती वाचतात. संसर्गजन्य गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची लस चार ते बारा महिन्यांच्या कालवडीला दिली की तिच्या उजव्या कानात गोंदतात. 1996 पासून वापरात असलेल्या लशीसाठी 'आर' अक्षर, मधे ढालीत 'व्ही' आणि शेवटी लस दिल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. कानाच्या आत उजेड धरला, मळ पुसला आणि 1 दिसला तर लस 2021 ची किंवा 2011 ची. त्यातलं कोणतं, ते दात सांगतात. दहा वर्षांचा फरक तोंडात लपत नाही. तोंडावरचा अंदाज आणि कानातला आकडा जुळले तर वयाबद्दल यापेक्षा पक्का पुरावा लिलावात मिळत नाही. कानातले बिल्लेही बदलले आहेत. 5 नोव्हेंबर 2024 पासून राज्याची सीमा ओलांडणाऱ्या अठरा महिन्यांवरच्या प्रजननक्षम गुरांना आणि सगळ्या दुधाळ गुरांना, नवा सरकारी बिल्ला लावायचा तर तो डोळ्यांनी आणि यंत्रानं, दोन्ही प्रकारे वाचता येणारा लागतो. त्या बिल्ल्याचा उद्देश रोगाचा माग काढणं आहे. त्यानं जन्मतारीख किंवा गाभण आपोआप कळत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक गुराला जुलै 1996 पासून पासपोर्ट मिळतो, त्यावर जन्मतारीख असते, त्यामुळे वयासाठी कुणी ओठ उचलत नाही. ऑस्ट्रेलियात मांसासाठीची गुरं आजही दोन दाती, चार दाती अशीच मोजतात.

तुम्ही शेवटी विचारलंत, हे आपल्याकडं उपयोगाचं आहे का? लोणी, काष्टी, घोडेगाव, सांगोला या बाजारांत व्यवहार वेगळ्या तऱ्हेनं होतो. उघडी बोली कमी, रुमालाखाली बोटं धरून ठरणारा सौदा जास्त. वय दातांवरून आणि वेतांवरून सांगतात, कुणी शिंगावरची वलयं मोजतं. संकरित गाईंची शिंगं लहानपणीच जाळलेली असतात आणि देशी जनावराची शिंगं बाजारात आणण्याआधी तासून गुळगुळीत केलेली असू शकतात. त्यामुळे वलयांवर विसंबू नका, तोंड उघडून बघा. आपली देशी गुरं आणि म्हशी दात उशिरा पाडतात, हेही लक्षात ठेवा. म्हशीचा गाभणकाळ 310 दिवसांच्या आसपास असतो, म्हणून गाईच्या हिशेबातला सातवा महिना म्हशीला लावला तर विण्याची तारीख महिनाभर चुकते.

एक मोठा फरक मी विसरू देणार नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे अमेरिकेतल्यासारखा वजनाच्या भावाचा तळ इथं नाही. गाभण म्हणून घेतलेली गाय रिकामी किंवा भाकड निघाली, तर सगळा बोजा घेणाऱ्याच्या दावणीला पडतो. म्हणून आपल्या बाजारात तपासणीची गरज तिथल्यापेक्षा जास्त आहे, आणि नेमकी तीच कमी होते. विकणारा सांगतो सात महिने, कास बघून घेणारा मान डोलावतो. पहिलारू कालवडीची कास आधीपासून भरायला लागते, जुन्या गाईची शेवटच्या पंधरवड्यात. कास बघून महिना ठरवणं ही सवय सोडा.

उलट आपल्याकडं एक गोष्ट आहे जी मिझुरीच्या कुरणात नसते. तिथं गाई वळूबरोबर मोकळ्या फिरतात, कोणत्या दिवशी भरली हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळा भार हातावर. आपल्या दुधाळ गाईंना बहुतेक वेळा कृत्रिम रेतन होतं, त्याची तारीख असते. गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला असेल तर त्या क्रमांकावर रेतन, गाभण तपासणी आणि विण्याची नोंद सरकारी प्रणालीत केलेली असू शकते. सौद्याआधी बिल्ल्याचा क्रमांक आणि रेतनाची तारीख मागा. मग आपला पशुवैद्य नेऊन गाय तपासून घ्या, आणि तारीख त्याला आधी सांगू नका. त्याला स्वतःचा अंदाज सांगू द्या, मग दोन्ही शेजारी ठेवा.

समजा कागद म्हणतो रेतन 1 जूनला झालं आणि तुम्ही 1 नोव्हेंबरला बाजारात आहात. पाच महिने व्हायला हवेत, गाय 8 मार्चच्या सुमाराला विली पाहिजे. हात पाच किंवा साडेचार म्हणाला तर कागद मान्य करा. हात तीन महिने म्हणाला तर हाताचं ऐका. जूनचं रेतन उलटलं, गाय पुन्हा माजावर आली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला कुठल्या तरी वळूनं किंवा नोंद न झालेल्या रेतनानं गाभ राहिला. विकणारा खोटं बोलतोय असंच नाही, अनेकदा त्यालाही ठाऊक नसतं. पण मग ही गाय मे महिन्यात विणार आहे. तोवरचे दोन महिने तिला दूध नसताना चारा लागणार, तोही उन्हाळ्यात, वैरण सगळ्यात महाग असताना. त्या दोन महिन्यांच्या चाऱ्याचा हिशेब विकणाऱ्यासमोर कागदावर मांडा आणि तेवढी रक्कम कमी करूनच सौद्याला हात द्या.